माश्या मोजायची नोकरी

आमच्या घरी ‘माश्या मारत बसणे’ हा वाक्प्रचार दिवसातून एकदा तरी माझ्या वाट्याला येतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावरची सगळी सुट्टी मी फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत काढणार, असं मी जाहीर केलं तेव्हा बाबा पेपर खाली न घेता म्हणाले, “म्हणजे आता अधिकृतपणे.”

ही अधिकृत जागा मिळायला मला साडेपाच महिने लागले.

मी डोंबिवली पूर्वेची. बी.एस्सी., झूलॉजी. आमच्या कॉलेजात रिसर्च हा शब्द दोनच वेळा ऐकू यायचा. एकदा ‘आविष्कार’ स्पर्धेसाठी पोस्टर करायचं असलं की, आणि एकदा एखाद्या सरांची पीएच.डी. रखडली की. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करणं. प्रयोगाचं उत्तर आधीच माहीत असतं, आपलं तसं आलं नाही तर शेजारणीचं बघून लिहायचं. मला यात काही खटकत नव्हतं, हेही कबूल करते. खटकायला लागलं ते एका मैत्रिणीमुळे.

तिला इन्स्पायर शिष्यवृत्ती होती. बारावीला बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेतलेल्या मुलांना केंद्र सरकार ही देतं. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. म्हणजे तिला कोणीतरी गाइड शोधणं भागच होतं, म्हणून ती सप्टेंबरपासून कामाला लागली. मला कोणी भाग पाडलं नव्हतं, म्हणून मी नोव्हेंबरात जागी झाले. तेही ती कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून कसला फॉर्म भरतेय ते डोकावून बघितलं म्हणून.

तो फॉर्म विज्ञान अकादमींचा होता. बंगळूरु, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन अकादमी मिळून दर वर्षी उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. देशभरातल्या कुठल्यातरी शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, विद्यावेतन आणि जायचं-यायचं रेल्वे भाडं. अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात. गुण भरायचे, काय करायचंय आणि का ते थोडक्यात लिहायचं, आणि कॉलेजातल्या एका शिक्षकांचं शिफारसपत्र. हे पत्र आपण जोडायचं नसतं, ते शिक्षकांनी स्वतः पाठवायचं असतं. इथेच माझं घोडं पेंड खायला थांबलं.

मी मॅडमना विचारलं ते मुदतीच्या दोन दिवस आधी, त्याही परीक्षेच्या सुपरव्हिजनवरून परत येत असताना जिन्यात. “हो हो, पाठवते,” म्हणाल्या. मी निर्धास्त. जानेवारीत कळलं की पत्र गेलंच नव्हतं, अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडला होता. मी आठवडाभर मॅडमच्या नावाने बोटं मोडली. मग एकदा हिशोब केला. त्यांच्याकडे त्या वर्षी तीन वर्गांची प्रॅक्टिकल्स होती, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाइल होती, आणि माझं नाव त्यांना नीट आठवत नव्हतं. त्या पत्रात त्या लिहिणार तरी काय होत्या? ‘विद्यार्थिनी जिन्यात भेटली’?

दुसरी संधी तर मी दारातून घालवली. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ऑलिम्पियाडवाले म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बी.एस्सी.च्या मुलांसाठी तिथे २००४ पासून ‘नियस’ नावाचा कार्यक्रम चालतो: आधी शिबिर, आणि त्यातून निवडलेल्यांना पुढे प्रकल्प. घरापासून कुर्ल्याला गाडी बदलून तासाभरावर. त्याचं पत्रक आमच्या सायन्स असोसिएशनच्या फलकावर होतं, मराठी वाङ्मय मंडळाच्या काव्यवाचनाच्या पोस्टरखाली. काव्यवाचन झालं, पोस्टर निघालं, तेव्हा पत्रक दिसलं. मुदत उलटून गेली होती.

दरम्यान, डिसेंबरात मी सगळे करतात तेच केलं होतं. मेल.

संस्थांच्या वेबसाइटवर ‘पीपल’ असं एक पान असतं. तिथून नावं उचलायची, एक्सेलमध्ये टाकायची आणि रात्री अकरानंतर मेल सोडायचे. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), आयआयटी, माटुंग्याची आयसीटी, खारघरचं अॅक्ट्रेक, पुण्याची आयसर, सगळीकडे. एकूण ६१ मेल. मजकूर एकच: मला संशोधनाची लहानपणापासून आवड आहे, मी मेहनती आहे, संधी दिल्यास सोनं करीन. सोबत सीव्ही, त्यात रांगोळी स्पर्धेतलं दुसरं बक्षीससुद्धा. चार दिवस कुणाचंच काही आलं नाही, तेव्हा यूट्यूबवरच्या एका मुलाने सांगितलं की प्रोफेसरांचा एखादा पेपर वाचून त्याचा उल्लेख करा. केला. एका सरांना लिहिलं की तुमचा अमुक प्रथिनावरचा पेपर वाचून मी भारावून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर. मी फलाटावर होते, हात थरथरायला लागले. दोनच वाक्यं होती. “तो पेपर माझा नाही. मी पॉलिमरवर काम करतो.”

आडनाव तेच, आद्याक्षर तेच, माणूस वेगळा. आपल्याकडे कुलकर्णी, जोशी आणि पाटील यांची संख्या बघता हे होणारच होतं. पण मी तो पेपर ज्यांचा होता त्यांचाही वाचला नव्हता, फक्त वरचा सारांश. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

६१ पैकी पाच उत्तरं आली. एक हे. दोन ‘आम्ही एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनाच घेतो’. एक ‘रजेवर आहे’, ते तर मशीनने पाठवलेलं. आणि एक ‘पुढच्या वर्षी विचार’, ज्याच्यावर मी दोन दिवस तरंगत होते.

याच सुमारास वर्गातल्या दोघीतिघी पैसे भरून ‘इंटर्नशिप’ करून आल्या. खाजगी ट्रेनिंगवाले असतात, पंधरा दिवसांत पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), जेल (डीएनएचे तुकडे वेगळे करणं), सर्टिफिकेट, सगळं देतात. नऊ हजार रुपये. एकीने सांगितलं की एका जेलच्या डब्याभोवती चौदा जणी उभ्या होत्या आणि डीएनए आधीच काढून ठेवलेला होता. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता सगळ्यांनाच इंटर्नशिपचे क्रेडिट लागतात, त्यामुळे या धंद्याला बरकत आहे. माझं म्हणणं इतकंच की तो क्लास आहे. क्लास म्हणून लावा, पिपेट धरायला शिकाल. पण त्याला संशोधनाचा अनुभव म्हणायचं तर आमच्या कॉलेजच्या जर्नललाही म्हणावं लागेल, आणि ते फुकट आहे.

फेब्रुवारीच्या २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाची घोषणा झाली, म्हणून. त्याच्या आसपास बऱ्याच संशोधन संस्था एक दिवस सगळ्यांसाठी दारं उघडतात. दक्षिण मुंबईतल्या एका संस्थेत मी त्या दिवशी गेले, खरं सांगायचं तर मेल वाचायचा कंटाळा आला होता म्हणून. शाळांच्या रांगाच रांगा, निळे-पांढरे गणवेश, द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेपुढे किंचाळणारी मुलं. त्या गर्दीत एका टेबलापुढे फारसं कोणी नव्हतं. काचेच्या बोटभर नळ्या, प्रत्येकीत तळाला पिवळसर काहीतरी थिजलेलं, तोंडाला कापसाचा बोळा, आणि आत तिळाएवढ्या माश्या. टेबलाच्या एका कडेला पाचसहा नळ्या आडव्या पडल्या होत्या. मला आठवतंय, मनात आलं की एवढी मोठी संस्था आणि नीट उभ्या करून ठेवायला काय होतं यांना.

टेबलामागे एक पीएच.डी. करणारी ताई होती. शाळेच्या मुलांना हिंदीतून समजावत होती की या माश्या आपल्या घरी केळ्यांवर येतात त्याच, शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. अंड्यापासून माशी व्हायला २५ अंशांवर साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे माणसात आजीपासून पणतीपर्यंत बघायला शंभर वर्षं लागतील ते इथे दीड महिन्यात. मी सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि तोंडातून “अगंबाई” निघालं. बेशुद्ध माश्यांचे डोळे विटेसारखे लाल होते, आणि एकीचे पांढरे स्वच्छ.

“मराठी का?” ती म्हणाली. ताई साताऱ्याची निघाली. ती पांढऱ्या डोळ्यांची जात म्हणजे मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या माशीची, तिने सांगितलं. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात त्याला लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात हे उलगडत गेलं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत चार मार्कांना येतं. पण ती जात अजून जिवंत असेल, मुंबईत असेल आणि मक्याचं पीठ खात असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि माश्यांना वास कसा येतो, चव कशी कळते, याची जनुकं शोधायचं काम आपल्याकडे याच शहरात उभं राहिलं. टीआयएफआरमध्ये ओबेद सिद्दिकींनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, पुढे ते माश्यांकडे वळले आणि त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी हे काम कुठल्या कुठे नेलं. ताई हे असं सांगत होती जसं आमच्याकडे कुणी डोंबिवलीचा जुना गणपती सांगेल.

गर्दी ओसरली तसा मी धीर करून प्रश्न टाकला. उन्हाळ्यात इथे बी.एस्सी.ची मुलं येतात ना, ती नेमकं काय करतात?

“खरं सांगू? त्रास देतात.”

ती हसत म्हणाली, पण थट्टा नव्हती. तिचा हिशोब असा होता. आठ आठवड्यांसाठी मुलगा येतो. पहिले तीन आठवडे त्याला शिकवण्यात जातात, म्हणजे तिचे तीन आठवडे. चौथ्यात तो काहीतरी फोडतो. पाच ते सात जरा काम होतं. आठव्यात त्याचं प्रेझेंटेशन, तेही हिनेच तपासायचं. तो जातो, नळ्या हिच्या गळ्यात. “सरांना वाटतं मुलांना संधी मिळावी. मिळावीच. पण ती संधी माझ्या वेळेतून कापून जाते.”

मी ६१ मेल केले होते आणि प्रत्येकात मी काय आहे, मला काय हवंय, मला काय आवडतं हे लिहिलं होतं. मी आले तर कुणाचं काय वाढणार आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. मला वाटत होतं मी फुकट राबायला तयार आहे म्हणजे उपकारच करतेय. सातारकरणीच्या हिशोबात मी खर्चाच्या बाजूला होते.

“मग कोण आलं तर त्रास होत नाही?” मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. “जो सकाळी आठला येईल.”

त्याचं कारण तिने टेबलावरच समजावलं. दोन ठरावीक जातींचा संकर करायचा तर मादी आधी कुठल्याही नराशी न जुगलेली असावी लागते. नाहीतर पिल्लं कुणाची, कसं कळणार? कोशातून बाहेर आल्यावर २५ अंशांवर साधारण आठ तास मादी जुगत नाही. म्हणून सकाळी नळ्यांतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या, आणि आठ तासांच्या आत जेवढ्या नव्या माद्या बाहेर येतील त्या वेचायच्या. रात्री नळ्या १८ अंशांवर ठेवल्या की सगळं संथ होतं, सकाळपर्यंत निभावतं. पण सकाळी कुणीतरी यायलाच हवं. रविवारीसुद्धा. प्रयोगशाळेत याला ‘व्हर्जिन कलेक्शन’ म्हणतात आणि हे काम कुणालाच आवडत नाही.

मी घरी येऊन लगेच मेल केला नाही. ताईच्या गाइड सरांचे दोन पेपर उतरवून घेतले आणि या वेळी खरोखर वाचले. म्हणजे वाचायचा प्रयत्न केला. एकाला नऊ दिवस लागले. तिसऱ्या आकृतीपाशी माझी गाडी जी अडली ती अडलीच. मग आठ ओळींचा मेल लिहिला. विज्ञान दिनाला तुमच्या टेबलाशी आले होते. मे-जून हे दोन महिने रोज सकाळी आठला पोचून माद्या वेचायचं आणि नळ्या बदलायचं काम करू शकते, रविवार धरून. डोंबिवलीला राहते, गाडीची वेळ बघून ठेवली आहे. त्यातून वेळ उरला तर शिकायला आवडेल. तुमच्या पेपरमधली तिसरी आकृती मला समजली नाही, क्ष-अक्षावर वय दिवसांत आहे का नळ्या बदलण्याच्या फेऱ्या आहेत? सीव्ही जोडला, रांगोळी काढून.

सहा दिवसांनी उत्तर आलं. ‘वय दिवसांत आहे. शुक्रवारी ये.’

शुक्रवारची भेट दहा मिनिटांत संपली. सरांनी गुण विचारले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाच माश्या दिल्या आणि नर कुठले ते सांग म्हणाले. नराच्या पुढच्या पायावर काळ्या केसांचा एक इवलासा कंगवा असतो, ते मी वाचून गेले होते, पण तो दिसायला डोळ्याला सवय लागते. पाचपैकी तीन बरोबर. “नाणं उडवलं असतंस तर अडीच आले असते,” सर म्हणाले. मग गंभीर होऊन विचारलं, घरचे रविवारी सोडतील का. विद्यावेतन नाही, हेही त्यांनीच आधी सांगितलं.

या पैशांबद्दल थोडं बोलायला हवं. मला परवडलं कारण मी घरी राहत होते आणि डबा आईचा होता. तरी पास पदरचा काढावा लागला, कारण रेल्वेची विद्यार्थी सवलत घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाला मिळते. उलट्या दिशेच्या कॉलेजची मुलगी सीएसएमटीला रोज काय करते, हे सवलतीच्या फॉर्ममध्ये बसत नाही. आमच्या वर्गातली आसनगावची एक मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे, पण ती सुट्टीत कपड्यांच्या दुकानात उभी राहते, त्या पैशांवर तिची पुढची फी असते. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की मेल कर? तिच्यासारखीने अकादमींच्या फेलोशिपसारखंच काहीतरी धरायला हवं, जिथे पैसे मिळतात, आणि त्यासाठी शिक्षकांना जिन्यात नाही, ऑक्टोबरात गाठायला हवं. या वर्षी तिचं पत्र मी स्वतः मागे लागून पाठवायला लावलंय. त्याच मॅडमकडून. त्यांनी ते उत्तम लिहिलं.

कागदपत्रांत एप्रिल गेला. संस्थेला कॉलेजचं बोनाफाइड आणि हरकत नसल्याचं पत्र हवं होतं. कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे जे काका बसतात त्यांनी पहिल्यांदा सांगितलं साहेब नाहीत, दुसऱ्यांदा शिक्का नाही, तिसऱ्यांदा दोन्ही होते पण लेटरहेड संपलं होतं. चौथ्यांदा मी माझ्या खर्चाने लेटरहेडची झेरॉक्स काढून आणू का विचारलं, तेव्हा त्यांनी खणातून एक कोरं काढलं.

दोन मेला कामाला लागले. पहिला आठवडा स्वयंपाक. माश्यांचं जेवण आपणच शिजवायचं असतं: मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर. थोडं निवलं की बुरशी धरू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, “हे तर पिठलं. गुठळ्या होऊ देऊ नकोस, पीठ आधी गार पाण्यात कालवून घे.” घेतलं. ताईच्या नळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा एकही गुठळी नव्हती. संशोधनाला आमच्या घराण्याचं हे पहिलं योगदान.

दुसऱ्या आठवड्यात मी खरोखर माश्या मारल्या.

माद्या वेचताना माश्यांना कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करतात. पांढऱ्या जाळीदार पॅडखालून वायू येतो, माश्या पसरून पडतात, आणि बारीक कुंचल्याने एकेक सरकवायची. कोवळ्या मादीचं पोट फिकट असतं, त्यातून एक गडद ठिपका दिसतो, तो दिसला की निर्धास्त. त्या सकाळी मला बेचाळीस मिळाल्या. आतापर्यंतचा माझा विक्रम. दहा-दहा करून नव्या नळ्यांत टाकल्या, बोळे लावले, नळ्या स्टँडमध्ये छान ओळीने उभ्या केल्या आणि चहाला गेले. परत आले तर एकही उठली नव्हती. बेशुद्ध माश्या नळीच्या तळाशी ओल्या पिठल्यात पडून तिथेच चिकटल्या होत्या. पंख पसरून, पाठीवर, काहींचे पाय हलत होते. नळी आडवी ठेवायची असते. त्या काचेवर पडतात, शुद्धीवर येतात, चालायला लागल्या की मग उभी करायची. विज्ञान दिनाच्या टेबलावर मी त्या आडव्या नळ्या बघितल्या होत्या आणि का म्हणून विचारलं नव्हतं.

ताई रागावली नाही. त्या माद्यांवर तिचा दहा दिवसांनंतरचा संकर ठरलेला होता, तो पुढे गेला. तिने कॅलेंडरवरची तारीख खोडली आणि नवी लिहिली, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जूनमध्ये मला माझं स्वतःचं म्हणावं असं काम मिळालं: चढण मोजायची. माशीला दचकवलं की ती वर चढते, गुरुत्वाकर्षणाच्या उलट, हा तिचा स्वभाव. वय वाढेल तशी ही चढाई मंदावते. नळीत दहा माश्या घ्यायच्या, तोंडावर दुसरी नळी उलटी लावायची, तळापासून आठ सेंटीमीटरवर मार्करची रेघ. टेबलावर टकटक आपटून सगळ्यांना तळाशी पाडायचं आणि दहा सेकंदांत रेघ किती जणी ओलांडतात ते मोजायचं. मिनिटभर थांबून पुन्हा. सगळं मोबाइलवर चित्रित करायचं, कारण डोळा आपल्याला हवं तेच मोजतो. पाच दिवसांच्या तरुण माश्या दहापैकी नऊ चढायला हव्यात, असं ताई म्हणाली होती.

माझ्या पाच-सहाच चढत होत्या. ताईच्या बदललेल्या जनुकाच्या माश्यासुद्धा पाच-सहाच. म्हणजे फरक शून्य. मी सोळा पानं भरली. रात्री गाडीत आकडे बघत मनात एक गोष्ट रचायला लागले होते, की मुंबईच्या उकाड्याचा परिणाम असणार, हे कुणालाच सुचलेलं नसणार.

ताईने वही उघडली आणि एकच प्रश्न विचारला. “माश्या वेगळ्या केल्यास तेव्हा गॅस कधी दिलास?”

“सकाळी.”

“आणि मोजल्यास?”

“त्याच दिवशी. दुपारी.”

गॅसची धुंदी त्यांच्या अंगात होती. वागणुकीचा प्रयोग करायचा तर निदान चोवीस तास जाऊ द्यावे लागतात. मी सोळा पानं भरून गुंगीतल्या माश्यांची शर्यत लावली होती. पानं फाडायला गेले तर तिने हात धरला. प्रयोगशाळेच्या वहीचं पान फाडत नाहीत. तिरकी एक रेघ मारायची, खाली कारण, तारीख, सही. माझ्या सोळा पानांवर अशा सोळा रेघा आहेत आणि प्रत्येकीखाली माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘भूल उतरण्याआधी मोजले’. जर्नलमध्ये मी कधी चुकीचं उत्तर राहू दिलं नव्हतं. शेजारीण होती ना.

सीएसएमटीहून बसने जाताना फोर्टमध्ये विज्ञान संस्थेची जुनी दगडी इमारत लागते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी पुढे तिथे संचालक होत्या. १९३३ साली, तेव्हाच्या कमला भागवत, मुंबईची बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला तेव्हा संचालक असलेल्या सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्जदार बाई होती. त्या तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. मग अटी घालून एक वर्ष अजमावायचं ठरलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ज्या माणसाच्या नावाने विज्ञान दिन साजरा होतो आणि ज्या दिवशी माझं नशीब उघडलं, त्याच माणसाने त्यांना दार लावलं होतं, हे लक्षात आलं त्या दिवशी मी एक स्टॉप पुढे उतरले.

जूनअखेर पुन्हा मोजलं. या वेळी नीट: गॅसनंतर एक दिवस विश्रांती, रोज सकाळी एकाच वेळी, नळीवर फक्त क्रमांक, कुठली जात ते ताईच्या चिठ्ठीत, म्हणजे मला कळता कामा नये. साध्या माश्या दहापैकी साडेआठच्या सरासरीने चढल्या. ताईच्या, पाच दिवसांच्या असताना तशाच, पण तीस दिवसांच्या झाल्यावर तीन. चिठ्ठी उघडली तेव्हा ताई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “अजून दोन वेळा करायचं.” मला एकदाच करता आलं. दुसरी वेळ तिने नंतर केली, आणि आकडे मला पहाटे पाच वाजता पाठवले.

लेडीज डब्यात एकदा फोनवर मी ताईला मोठ्याने सांगितलं, “हो, सकाळच्या व्हर्जिन मी वेगळ्या करून ठेवल्यात, संध्याकाळच्या तू बघ.” ठाणे येईपर्यंत समोरच्या बाईंनी माझ्यावरची नजर हलवली नाही.

जुलैत कॉलेज सुरू झालं. क्रेडिटसाठी फॉर्म घेऊन मी त्याच खिडकीपाशी गेले. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात बराच विचार करून लिहिलं होतं: फळमाश्यांची निगा, वेचणी, मोजणी व नोंदी. काकांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

“दोन महिने माश्या?”

“एकोणसाठ दिवस. एक दिवस कुर्ल्याला पाणी भरलं होतं.”

त्यांनी शिक्का मारला. मग दुसरा कागद ओढल्यासारखं करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझा भाचा एफ.वाय.ला आहे, सायन्सलाच. त्याला असं कुठे लावता येईल का गं?”

“राहतो कुठे?”

“बदलापूर.”

“सकाळी किती वाजता उठतो?”